मांडवीकाठची ती संध्याकाळ

पणजी, शुक्रवार रात्र

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

ट्रेनिंगसाठी पणजीला आले आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. आज जे पाहिलं ते फोनवर नीट सांगता येणार नाही, म्हणून लिहायला बसले.

२००५च्या उन्हाळ्यात आपण इथं आलो, तेव्हा मी दहा वर्षांची होते. त्या हंगामात कापूस अडीच हजारानं गेला होता आणि आईला अंबाबाईचा नवस फेडायचा होता. बडनेऱ्याहून महाराष्ट्र एक्सप्रेसनं कोल्हापूर गाठलं, दर्शन झालं, अन् आई म्हणाली, "एवढे आलो त समुद्र पाहूनच जाऊ." मग एसटीनं इथं.

जुन्या सचिवालयाजवळचा तो संमोहन करणाऱ्या आबे फारियाचा पुतळा आज पुन्हा पाहिला. खाली कोसळणारी बाई आणि तिच्यावर हात पसरून उभा माणूस. "बाबा, हा त्या बाईले काहून भेव दाखवून रायला?" असं मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "भेव नाई बेटा, झोपवून रायला."

तिथून पुढं आलो तर नदीत दिव्यांनी लखलखलेली बोट. मला वाटलं, जत्रेतला पाळणाच पाण्यावर ठेवलाय. मी आत जायचा हट्ट धरला. तुम्ही काहीच बोलला नाहीत. बंडीच्या आतल्या खिशावर हात ठेवून उभे राहिलात. आईनं चणे घेतले, ते खाऊन संपले, तरी तुम्ही तिथंच. मग एकदम माझा हात धरलात आणि आपण जेवायला गेलो. त्या खिशात कापूस विकून मिळालेले चुकाऱ्याचे पैसे होते, हे मला फार उशिरा कळलं.

आज ट्रेनिंगच्या लोकांसोबत मी तशाच एका बोटीवर, म्हणजे कॅसिनोत, गेले. तिकिटातच खेळायची थोडी नाणी मिळतात. गोव्याच्या रहिवाशांना २०२०पासून आत मनाई आहे, त्यामुळे टेबलांभोवती सगळे बाहेरून आलेले, आपल्यासारखेच. माझ्या मागून आवाज आला, "थांब ना बे, अजून एक लावतो." अगदी आपल्याकडची बोली. वळून पाहिलं तर तुमच्याच वयाचे एक गृहस्थ, उन्हानं रापलेले हात, समोर उरलेली दोनच नाणी.

मीही रुलेटच्या फिरत्या चाकाच्या टेबलावर एका आकड्यावर नाणं ठेवलं, आणि तो लागला. बाबा, कानशिलं तापली. हात आपोआप पुन्हा पुढं गेला. त्या चाकावर घरं सदतीस असतात आणि लागल्यावर एकाला पस्तीस मिळतात. हा हिशेब मला येतो, तरी हात गेला. मोठ्या बाबांच्या मटक्याच्या आकड्याचंही तेच होतं. आकडे दहा आणि लागला तर नऊ पट. आपण त्यांना इतकी वर्षं बेअक्कल म्हणत आलो. आज मला तसं म्हणवत नाही.

तो आकडाही निघाला कापसातूनच. न्यूयॉर्कच्या बाजारात कापूस कोणत्या भावानं उघडेल आणि कोणत्या भावानं बंद होईल, यावर मुंबईत लोक पैसे लावायचे. मोठे बाबा टपरीवर ज्या ओपन-क्लोजच्या चिठ्ठ्या द्यायचे, ते शब्द तिथलेच. कापूस पिकवून आलेला पैसा त्यांनी कापसाच्या भावातून निघालेल्या खेळात घातला, आणि वर धुऱ्याकडचं दोन एकर वावर. ते वावर विकल्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं, अन् तुम्ही खिशात चुकारा घेऊन या काठावर उभे होतात.

मी उरलेली नाणी टेबलावर सोडून डेकवर आले. तिथून काठ दिसतो. आपण उभे होतो ती जागा नक्की कोणती ते कळलं नाही, पण बराच वेळ शोधत राहिले.

आई, मोठ्या बाबांचा नातू रात्रभर मोबाइलवर काय खेळतो ते तू मागं सांगितलंस. त्याला रागावू नका. बाबा, त्याला एकट्याला वावरात घेऊन जा आणि ही संध्याकाळ सांगा. माझं तो ऐकणार नाही, तुमचं ऐकेल.

सोमवारी पोचते. आईसाठी कोकम घेतलं आहे.

आणि बाबा, त्या दिवशी खिशात किती होते, ते तुम्ही आईलाही कधी सांगितलं नाही. मला सांगाल?

तुमची,
बेटी