सुमे, प्लुटोवर काय आहे ते कळलं!

पुणे,
रविवार, १९ जुलै २०१५

प्रिय सुमे,

फोनवर हे सांगून माझं समाधान झालं नसतं, म्हणून पत्र लिहायला बसले. आपल्या वर्गातला सूर्यमालेचा तक्ता आठवतो? अगदी कडेला, पट्टीला चिकटून एक करडा ठिपका होता. तू गुरुजींना विचारलं होतंस, "प्लुटोवर काय आहे?" ते म्हणाले, "बर्फ. दुसरं काय असणार!"

गुरुजी बरोबर होते गं. पण तो बर्फ काय काय करतो, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

नासाचं न्यू होरायझन्स यान प्लुटोकडे जायला जानेवारी २००६मध्ये निघालं तेव्हा प्लुटो नववा ग्रह होता. सात महिन्यांनी प्रागमध्ये खगोलशास्त्रज्ञांच्या परिषदेत त्याला ग्रहांच्या पंगतीतून उठवलं. यान आपलं जातच राहिलं. साडेनऊ वर्षं, जवळजवळ ५०० कोटी किलोमीटर! आणि आत क्लाइड टॉम्बॉ यांची थोडीशी रक्षा. शेतकऱ्याचा हा मुलगा. १९३० साली, वयाच्या २४व्या वर्षी, आकाशाचे फोटो एकमेकांशी ताडून ताडून त्याने तो ठिपका हुडकला होता. त्याची रक्षा त्याच ठिपक्यापाशी जाऊन पोचली, हे वाचून मला भरून आलं.

४ जुलैला यानाशी संपर्कच तुटला होता. प्लुटोच्या भेटीला दहा दिवस उरलेले! फोटो आवळून साठवणं आणि भेटीच्या नव्या आज्ञा उतरवून घेणं ही दोन कामं एकदमच आल्यामुळे संगणक अडला. दुसऱ्या संगणकाने सूत्रं घेतली आणि जवळजवळ दीड तासाने यान पुन्हा बोललं. इथून निरोप जायला साडेचार तास, उत्तर यायला तितकेच. असं असूनही नियंत्रण कक्षातल्या माणसांनी तीन दिवसांत सगळं मार्गी लावलं.

मंगळवारी आपल्याकडे संध्याकाळचे सव्वापाच वाजले असताना ते प्लुटोपासून साडेबारा हजार किलोमीटरवरून गेलं. पण तेव्हा ते बोलू शकत नव्हतं. कॅमेरे यानालाच घट्ट बसवलेले. प्लुटोकडे बघायचं तर पृथ्वीकडे पाठ करावीच लागते. वेग तासाला ५० हजार किलोमीटर. तांदळाच्या दाण्याएवढा खडा जरी आडवा आला असता, तरी सगळं संपलं असतं.

बुधवारी पहाटेच उठले. दूध गॅसवर, मोबाइल चहाच्या डब्याला टेकवलेला. सहा वाजून बावीस मिनिटं. अमेरिकेत मेरीलँडच्या नियंत्रण कक्षात मोहिमेचं संचालन बघणाऱ्या अ‍ॅलिस बोमन एकेका विभागाला विचारत होत्या, आणि प्रत्येकाकडून 'ठीक' असं उत्तर येत होतं. शेवटी त्या म्हणाल्या, यान सुखरूप आहे, माहिती नोंदवून घेतली आहे, आणि ते प्लुटोच्या पुढे निघालंय. दूध उतू गेलं. मी तशीच डोळे पुसत उभी.

आणि मग ते फोटो! साडेतीन हजार मीटर उंचीचे डोंगर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून उंच, आणि तेही पाण्याच्या बर्फाचे. तिथल्या थंडीत पाण्याचा बर्फ दगडासारखा टणक होतो, म्हणून तर एवढे डोंगर उभे राहतात. त्यांना शास्त्रज्ञ तेनसिंग नोर्गे यांच्या नावाने ओळखू लागलेत. शेजारी भलंमोठं गोठलेलं मैदान, आणि त्यावर उल्कांचं एकही विवर सापडलेलं नाही. म्हणजे ही जमीन १० कोटी वर्षांपेक्षाही कोवळी. सूर्यमालेच्या वयापुढे हे काल-परवाचं झालं. जमीन अशी नवी व्हायची तर आतून ऊब लागते. गुरूचा चंद्र आयो आतून तापतो तो गुरूच्या ओढाताणीने. प्लुटोला असं ओढणारा मोठा ग्रह जवळ नाही. मग ही ऊब आली कुठून? शास्त्रज्ञांनाही कोडं पडलंय, आणि ते किती खुशीत आहेत गं!

सगळी माहिती उतरायला सोळा महिने लागतील, इतक्या मंद गतीने ती येते. मी वर्गात भिंतीचा एक कोपरा मोकळा ठेवलाय. येईल तो फोटो तिथे लावायचा. दिवाळीला येशील तेव्हा शाळेत चल. तोवर मुलांनी तुझा प्रश्न फळ्यावर लिहून ठेवलाय.

तुझीच,
मंगल