हरिहरच्या कोठीपर्यंत ये

नाशिक

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. मागे तू मला पन्हाळ्याचा अंबारखाना, म्हणजे गडावरची धान्याची कोठारं दाखवलीस, तेव्हापासून आमच्याकडची एक कोठी तुला दाखवायचं मनात आहे. परवा तिथे जाऊन आलो आणि लिहिल्यावाचून राहवेना.

ही कोठी हरिहर गडावर आहे. त्र्यंबकेश्वरच्या पलीकडे, हर्षेवाडीतून वर जाता येतं. वाडीत भाताची झोडणी चालली होती. गडाच्या पायऱ्यांचे फोटो तू पाहिलेच असशील: उभ्या कातळात खोदलेल्या, हात रोवायला बाजूला खोबण्या. १८१८ साली आलेल्या ब्रिग्स या इंग्रज अधिकाऱ्यालाही त्यांनी थक्क केलं होतं. पण पुष्कळ जण तेवढ्या पायऱ्याच पाहून परत फिरतात, याचं मला फार वाईट वाटतं.

माथ्यावर मारुती, महादेव आणि तळं आहे. त्यांच्या पुढे गेलं की कोठी दिसते. गडावर छपरासकट उभी असलेली एवढी एकच इमारत. आत दोन खोल्या. दार मात्र खिडकीएवढं, वाकूनच शिरावं लागतं. आत डोळे सरावेपर्यंत नुसता अंधार आणि गारवा.

कोणी तिला दारूकोठार म्हणतं, कोणी धान्याचं. मला विचारशील तर दोन्हींचा वैरी एकच, ओल. आणि सगळं बांधकाम त्या ओलीशी झगडण्यासाठीच केलंय असं वाटतं. भिंती जाड दगडाच्या, छत उतरतं, म्हणजे पाणी ठरत नाही. इकडे आषाढ-श्रावणात आठ-आठ दिवस ऊन पडत नाही रे! त्या दिवसांत खालून काही वर आणणं किती कठीण असेल, ते पायऱ्या चढल्याशिवाय कळत नाही. शिबंदीला, म्हणजे गडावरच्या शिपायांना, जगायचं ते वर साठवलेल्यावरच.

पन्हाळ्याच्या गंगा, यमुना, सरस्वती कोठ्यांपुढे ही अगदी लहान. तिथे फौजा पोसल्या जात, इथे मूठभर माणसं. पण गोंडा घाटाच्या वाटेवर नजर ठेवणारी माणसं हीच. १६३६ मध्ये शहाजीराजांना हा गड मोगलांना द्यावा लागला, १६७० मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी तो परत घेतला. इतिहासात नोंद होते ती गड घेतल्याची आणि सोडल्याची. मधली वर्षं तिथे कोणी काय खाल्लं, हे विचारायला मला ती कोठीच भाग पाडते.

उतरल्यावर वाडीतल्या एका आजींनी घरातली कणगी दाखवली. बांबूची, शेणामातीनं लिंपलेली, आत नागली, म्हणजे नाचणी. नागलीला सहसा कीड लागत नाही, वर्षानुवर्षं टिकते. “भात विकायचा, नागली राखायची,” म्हणाल्या. गडावरही तेच चालत असणार, अशी माझी पक्की समजूत झाली.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. कोठीच्या भिंतींवर कोळशानं, रंगानं नावं लिहिलेली आहेत, आत प्लास्टिकच्या बाटल्या. इतक्या पावसाळ्यांना पुरून उरलेल्या वास्तूची ही गत! मावल्या तेवढ्या बाटल्या पिशवीत भरून खाली आणल्या. नावं पुसायची तर दगडाला धक्का न लावता कशी, हे जाणकाराला विचारायला हवं. तुझ्या ओळखीत मूर्ती-मंदिरांच्या जतनाचं काम करणारं कोणी आहे ना? त्यांच्याशी जरूर बोल.

ये लवकर. पावसाळ्यात नको, पायऱ्या निसरड्या होतात. रविवारीही नको, पायऱ्यांवर रांग लागते. आधल्या रात्री माझ्याकडे राहू, पहाटे निघू. बॅटरी आण, कोठीतला कोपरान्‌कोपरा पाहायचाय. तारीख कळव.

तुझा,
माधव