सांधा सुजला, पण दुखत नाही? मानेचीही तपासणी हवी

माननीय संपादक महोदय,

मधुमेहात पावलांची संवेदना जाऊन तिथले सांधे न दुखताच मोडू शकतात; म्हणून मधुमेहींनी पावलांची काळजी कशी घ्यावी, याविषयी वृत्तपत्रांतून नेहमी लिहिले जाते आणि ते आवश्यकच आहे. मात्र मज्जारज्जूच्या विकारामुळेही सांधे असेच निकामी होतात, याची जाण फारच थोड्यांना आहे.

वागळे इस्टेटमधील कारखान्यात लेथवर काम करणाऱ्या माझ्या मावसभावाचा खांदा सुजला, परंतु वेदना जवळपास नसल्याने तो कामावर जातच राहिला. मालिश झाली, सांध्यात इंजेक्शन दिले गेले, क्षयाच्या शंकेने पाणी काढून तपासले गेले. मानेचा एमआरआय निघाला तोवर दंडाच्या हाडाचे डोके झिजून गेले होते. मज्जारज्जूत द्रवाने भरलेली पोकळी, म्हणजे सिरिंगोमायलिया, हे मूळ कारण निघाले.

वेदना आणि उष्णता यांची जाणीव वाहून नेणारे तंतू मज्जारज्जूच्या मध्यातून पलीकडच्या बाजूला जातात. पोकळी वाढू लागली की प्रथम तेच तुटतात, स्पर्शाची जाणीव मात्र बराच काळ शाबूत राहते. त्यामुळे हात बधिर झाल्याचे रुग्णाला वाटतच नाही. तव्याचा चटका बसूनही न कळणे, हातावर भाजल्याचे जुने डाग असणे, या खुणा घरच्यांनीच ओळखायला हव्यात. वेदनेचा इशारा नसलेला सांधा ओझे उचलत राहतो आणि आतून मोडत जातो. पॅरिसमधील डॉक्टर शार्को यांनी उपदंशाने (सिफिलिस या गुप्तरोगाने) मज्जारज्जू बिघडलेल्या रुग्णांत हा प्रकार 1868 मध्येच वर्णिला होता. उपदंशात बहुधा गुडघा बिघडतो, तर सिरिंगोमायलियात खांदा आणि कोपर. अपघातात मज्जारज्जूला इजा झालेल्यांचे खुब्याचे सांधे, क्वचित खुद्द पाठीचे मणकेही असे ढासळतात.

सांधा बदलून प्रश्न सुटेलच असे नाही, कारण हरवलेली संवेदना त्याने परत येत नाही आणि कृत्रिम सांधाही सैल होण्याचा धोका राहतो. म्हणून आधी मज्जारज्जूचा उपचार ठरणे महत्त्वाचे आहे.

टाचणीची टोच आणि गरम-थंड पाण्याच्या नळ्या, एवढ्यावर ही प्राथमिक तपासणी होते. ठाणे महापालिकेच्या आणि जिल्हा रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागांत, न दुखणाऱ्या सुजेच्या प्रत्येक रुग्णाची ती इंजेक्शनपूर्वी केली जावी, आणि संशय असल्यास त्याला मेंदू व मज्जारज्जूच्या तज्ज्ञांकडे पाठवावे, अशी आपल्या वृत्तपत्रामार्फत कळकळीची विनंती आहे.

कळावे,
एक वाचक, नौपाडा, ठाणे