पेडलचा खेळ आणि पुश रॉडचा मोह

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या जीपच्या ब्रेक पेडलविषयी सविस्तर लिहिलेस ते बरे केलेस. पेडल डावी-उजवीकडे डुलते, पाय ठेवल्यावर बराच वेळ नुसतेच खाली जाते, खडबडीत रस्त्यावर खडखडते, आणि यावर तुला मिळालेला सल्ला म्हणजे पुश रॉडचा, म्हणजे पेडलचा दाब पुढे पोचवणाऱ्या दांड्याचा, लॉकनट सैल करून रॉड थोडा लांब करावा, म्हणजे सगळे ‘टाइट’ होईल. हा सल्ला तू अजून अमलात आणला नसशील तर आणू नकोस, आणि आणला असशील तर हे पत्र वाचून होईपर्यंत जीप बाहेर काढू नकोस.

ब्रेक पेडलमध्ये दोन प्रकारचा खेळ, म्हणजे ढिलेपणा, असतो. एक झिजेने आलेला असतो आणि दुसरा बनवणाऱ्याने मुद्दाम ठेवलेला असतो. पेडल पूर्ण सुटलेले असताना पुश रॉड आणि मास्टर सिलिंडरचा (ब्रेक फ्लुइडवर दाब आणणाऱ्या नळकांड्याचा) पिस्टन यांच्यात साधारण एक मिलीमीटरचे अंतर राहिले पाहिजे, कारण तेव्हाच पिस्टन पूर्ण मागे येतो आणि ब्रेक फ्लुइडच्या टाकीकडे जाणारे बारीक छिद्र उघडे राहते. ब्रेक तापले की फ्लुइड फुगते आणि त्याच छिद्रातून टाकीत परत जाते. रॉड लांब करून हे अंतर संपवलेस तर पिस्टनवरचा रबरी कप छिद्र झाकून बसतो, फुगलेल्या फ्लुइडला वाट उरत नाही, ब्रेक आपोआप धरू लागतात, धरल्यामुळे आणखी तापतात आणि शेवटी चाके आवळली जातात. म्हणजे झिजेचा खेळ जिथल्या तिथे राहिला आणि आवश्यक तो खेळ मात्र गेला. पेडल पायाला घट्ट लागते म्हणून हा उपाय लोकांना पटतो, आणि म्हणूनच तो मला सर्वांत फसवा वाटतो.

काही खोलण्याआधी तक्रार नक्की कुठली आहे ते ठरव. पेडल जोरात दाबून अर्धा मिनिट धरून ठेव. ते हळूहळू खाली सरकत गेले तर दोष मास्टर सिलिंडरच्या रबरांत आहे किंवा कुठे तरी गळती आहे. दोन-तीनदा दाबल्यावर पेडल वर येत असेल तर ड्रमचे ब्रेक शू (ड्रमला आतून घासणारे पट्टे) अ‍ॅडजस्ट करायचे राहिले आहेत. स्पंजासारखे लागत असेल तर लाइनमध्ये हवा आहे. या तिन्ही गोष्टी बुश (पेडलच्या मुळातली, शाफ्टवर फिरणारी धातूची नळी) बदलून सुटणार नाहीत. मात्र पेडलचा दांडा हाताने धरून आडवा हलवताना मुळाशी टकटक जाणवली आणि हळूच दाबताना पुश रॉड हलण्याआधीच पेडल बरेच खाली गेले, तर झीज दांड्याच्या बुशमध्ये आणि पुश रॉड पेडलला जोडणाऱ्या पिनमध्ये आहे. तुझ्या वर्णनावरून मला हेच दिसते.

थोडीशी झीज पायाला इतकी मोठी का वाटते, याचे कारण सरळ आहे. अशा गाड्यांत पायाखालचा दांडा पिनच्या बाजूच्या दांड्यापेक्षा साधारण पाच-सहापट लांब असतो, त्यामुळे पिनच्या भोकातील एक मिलीमीटर पायाखाली पाच-सहा मिलीमीटर होतो. बाजूच्या डुलण्याचेही तसेच आहे: बुश ४० मिलीमीटर रुंद आणि दांडा २५० मिलीमीटर लांब धरला, तर बुशमधील अर्ध्या मिलीमीटरच्या झिजेने पेडल मधल्या जागेवरून एका बाजूला तीन मिलीमीटर कलते. शिवाय ज्या जीपमध्ये पेडल ज्यावर फिरते तो शाफ्ट फ्लोअरच्या खाली असतो, तिथे चिखल, वाळू आणि ओढ्याचे पाणी थेट त्यावर येते. ग्रीस धुऊन जाते, उरलेल्या ग्रीसमध्ये वाळू मिसळते, आणि मग प्रत्येक दाबाबरोबर शाफ्ट आणि बुश कानशीने घासल्यासारखे झिजत राहतात.

आता कामाकडे वळू. जीप सपाट जागी घे आणि चारही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लाव. केवळ हँडब्रेकवर विसंबू नकोस. पुष्कळ जुन्या जीपमध्ये हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसमागच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीमागच्या) प्रॉपेलर शाफ्टवर असतो, आणि मागचे एक चाक जॅकने उचलले की डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळे फिरू देणाऱ्या गिअरमुळे) तो निरुपयोगी ठरतो. त्यानंतर रिटर्न स्प्रिंग काढ, पिनची स्प्लिट पिन काढ आणि पुश रॉड सोडव. ब्रेकची लाइन उघडायची गरजच नाही, त्यामुळे हवा काढण्याचे कामही उद्भवत नाही. शाफ्ट बहुधा गंजून बसलेला असेल. गंज सुटण्याचे तेल टाकून त्याला रात्रभर वेळ दे, आणि ठोकायचेच असेल तर मध्ये पितळेचा किंवा तांब्याचा तुकडा धर.

सगळे रॉकेलने धुऊन व्हर्नियरने मोज. शाफ्ट जिथे झिजत नाही तिथले माप आणि बुश बसतो तिथले माप यांतला फरक म्हणजे शाफ्टची झीज. पुष्कळजण येथे नवा बुश ठोकून मोकळे होतात. पण एका बाजूने खाल्लेल्या शाफ्टवर नवा बुश बसवला तर तो गोल भोकात लंबगोल दांडा फिरवण्यासारखा प्रकार होतो आणि खेळ थोड्याच दिवसांत परत येतो. शाफ्ट लेथवर नवा करून घेणे उत्तम. तो फ्रेमला कायमचा जोडलेला असेल तर मात्र वेल्डिंगने भरून पुन्हा मापात आणावा लागतो, आणि त्यासाठी चांगला टर्नर (लेथ चालवणारा कारागीर) हवा.

बुश भरीव फॉस्फर ब्राँझचा किंवा गनमेटलचा घे, कारण तुझ्या पेडलला ग्रीस निपल (ग्रीस भरायचे तोंड) आहे. तेल मुरवलेले सच्छिद्र बुशही मिळतात. पण त्यांना तेलच लागते, आणि रीमर (भोक नेमक्या मापात आणणारे हत्यार) फिरवला की त्यांची छिद्रे बुजतात. भरीव बुश प्रेसने किंवा मोठ्या व्हाइसमध्ये सरळ दाबून बसव, ठोकू नकोस. दाबून बसल्यावर त्याचे आतले भोक किंचित आवळते, म्हणून शेवटचे माप रीमरने बसवल्यानंतरच घ्यायचे. शाफ्ट आणि बुश यांच्यात ०.०५ ते ०.१ मिलीमीटर मोकळीक पुरते. बुशमधले ग्रीसचे भोक निपलच्या भोकासमोर आले आहे की नाही ते दाबण्यापूर्वी पाहा.

पेडलच्या दांड्यातले पुश रॉडच्या पिनचे भोक लंबगोल झाले असेल तर तो दांडा गाडीतून सुटलेला असतानाच भोक मोठे करून त्यात बुश बसवून घे, किंवा वेल्डिंगने भरून पुन्हा ड्रिल करून घे. वेल्डिंग केल्यास गरम दांड्यावर पाणी ओतायचे नाही. तो आपोआप थंड होऊ दे, नाहीतर पोलाद ठिसूळ होते. पिनच्या जागी बोल्ट टाकण्याची सवय फार पसरली आहे. बोल्टचे आटे भोकात आले की ते करवतीसारखे काम करतात. आणि स्प्लिट पिनऐवजी खिळा वाकवून घातलेला मी पाहिला आहे. ब्रेकच्या बाबतीत असे धाडस करणाऱ्याला माझा कोपरापासून नमस्कार.

जोडताना ग्रीस निपलमधून ते दोन्ही कडांनी बाहेर येईपर्यंत भर, पण ते मास्टर सिलिंडरच्या रबरी टोपीला लागू देऊ नकोस, कारण खनिज तेलाने ब्रेकचे रबर फुगते. बाजूचा उरलेला खेळ वॉशरने घेता येतो; मात्र वॉशर घातल्यावरही पेडल स्वतःच्या वजनाने हलले पाहिजे. रिटर्न स्प्रिंग नवीच टाक. ती थकलेली असेल तर पेडल पूर्ण वर येत नाही आणि रॉड लांब केल्याचेच दुष्परिणाम भोगावे लागतात.

पुश रॉडला हात लावायची वेळ आता, सर्वांत शेवटी येते. पेडल वर टेकलेले असताना रॉड बोटांनी किंचित मागेपुढे हलला पाहिजे, आणि पायाखाली पाच ते दहा मिलीमीटर मोकळी चाल जाणवली पाहिजे. तुझ्या मॉडेलच्या पुस्तकात वेगळे माप दिले असेल तर तेच धर. मग टाकीचे झाकण काढून कुणाला तरी पेडल अगदी हळू दाबायला सांग. सुरुवातीलाच फ्लुइडवर बारीक कारंजे किंवा तरंग दिसला, तर छिद्र उघडे आहे. तोंड मात्र टाकीवर धरू नकोस आणि सांडलेले फ्लुइड लगेच पाण्याने धुऊन टाक, ते रंग खाते. मोकळ्या जागी सावकाश चालवून, थोडे ब्रेक वापरून परत ये आणि ड्रमला हात जवळ नेऊन पाहा. एखादा इतरांपेक्षा फार तापला असेल तर त्या चाकाचे शू तपास, आणि चारही तापले असतील तर रॉड अजून लांबच आहे.

शाफ्ट बाहेर काढलास की त्याची दोन्ही टोकांची आणि मधली मापे, तसेच पिनच्या भोकाचे उभे व आडवे माप मला लिहून पाठव. शाफ्ट नवा करायचा की भरून घ्यायचा, हे त्यावरून ठरवता येईल, आणि टर्नरला देण्यासाठी मी एक साधे रेखाचित्रही काढून पाठवीन.

तुझा,
विनायक