टाकीवर आकडा लिहा : पाणीपुरवठा मंत्र्यांना खुले पत्र

मा. पाणीपुरवठा व स्वच्छता मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांना नमस्कार.

यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यातून लिहिते आहे. पाणी तपासायला गावोगावी पाच-पाच बायांना शिकवलं, त्यांतली मी एक. जलजीवन योजनेचा नळ अंगणात आला, डोक्यावरची गुंडी उतरली, हे मी विसरणार नाही. पण त्या नळातून काय येतं, ते आम्हाला कोणी सांगत नाही.

आमच्या बोअरच्या पाण्यात खडकातलं फ्लोराइड उतरतं. लिटरला 1.5 मिलिग्रॅम ही शेवटची मर्यादा. पाणी तपासायच्या किटच्या तक्त्यावर आमच्या पाण्याचा रंग त्याच्या पुढे गेला. पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे आहेत, माझ्या सासूबाईंना खाली बसलं की उठता येत नाही. पावसाळ्यात याच पाण्यात जंतूंची भर पडते. व्हॉल्व्हच्या खड्ड्यात नालीचं पाणी साचतं आणि नळ बंद झाला की रिकामा पाइप तेच ओढून घेतो.

मग सल्ला मिळतो, पाणी उकळा. जंतूंसाठी तो बरोबरच आहे. पण उकळून फ्लोराइड जात नाही, पाणी आटतं तसं ते दाट होतं. ब्लीचिंगनेही जात नाही. जुन्या विहिरीत फ्लोराइड कमी निघालं, पण ती उघडी, तिच्यात रोज टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, पडलंच पाहिजे. कोणतं पाणी प्यायचं ते घरातल्या बाईने ठरवायचं, आणि तिच्या हातात एकही आकडा नाही.

टीसीएलचं पोतं ओल्या भिंतीला टेकलेलं असतं. ताज्या पावडरीत 33 टक्के क्लोरीन असतं, ओल लागली की ते उडून जातं. आमचा जलसुरक्षक माप मोजून टाकतो, त्याची चूक नाही. मागच्या पावसाळ्यात मी ओटी टेस्ट केली; पाण्यात क्लोरीन असलं की तिच्यात पिवळा रंग येतो. टाकीजवळ पाणी पिवळं झालं, शेवटच्या टोकाला कोलाम पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, काहीच रंग आला नाही. शेवटच्या नळालाही लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं. तिथली एक आजी म्हणाली, "पिवळं नाही झालं बाई, म्हंजे पानी चांगलं हाय ना?" तिला खरं सांगताना माझा जीव खालीवर झाला. तिच्या कडेवर नातू होता.

जुलै 2022 मध्ये मेळघाटात पाचडोंगरी आणि कोयलारीला दूषित पाण्याने माणसं गेली. त्या बातमीपासून पहिला पाऊस आला की मला झोप लागत नाही.

आमच्या किटमधल्या रसायनांची मुदत संपली आहे, ती बदलून द्या. टीसीएलसाठी कोरडी जागा आणि झाकणाचा डबा द्या. बोअरचं पाणी पिण्यासाठी बंद करून विहीर झाकून घ्या. आणि सर्वांत आधी एक करा. पावसाळ्याआधी आणि नंतर आमचे नमुने प्रयोगशाळेत जातात. ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या हिरव्या-पिवळ्या-लाल कार्डावरून विहिरीभोवतीची स्वच्छता कळते, फ्लोराइड किती ते कळत नाही. प्रयोगशाळेचा तो आकडा, तारखेसह, मराठीत, टाकीच्या भिंतीवर रंगवायला लावा. पोडावरही एक पाटी लावा. वाचता न येणाऱ्यांना आम्ही वाचून दाखवू.

आपली,
गावच्या पाणी समितीतली एक बाई