जलपर्णीचं फायबर वापरा, पण तिची शेती नको

मा. संपादक,

जलपर्णीच्या धाग्यांपासून पॅनेल, गाडीच्या दाराची आतली अस्तरं, फॉल्स सीलिंग असं बरंच काही बनवता येतं अशा बातम्या हल्ली सारख्या येतात आणि कल्पना चांगलीच आहे, मला मनापासून पटते. पण त्या वाचून असं वाटतं की तलावातून ओढून काढली की झालं काम, तसं नाहीये ते.

एकतर ओल्या जलपर्णीत ९० टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. देठ आडवा कापून बघा, आत स्पंजसारख्या हवेच्या पोकळ्या दिसतात. म्हणजे १०० किलो उपसली तर सुकून जेमतेम ५-१० किलो उरते आणि धागा त्याहून कमी, त्यामुळे ओला माल ट्रकने लांब कारखान्यात नेणं म्हणजे पाणी वाहून नेणं, सुकवायचं काम काठावरच व्हायला हवं.

दुसरं म्हणजे हा धागा पाणी ओढतो आणि रेझिनला (म्हणजे धागे एकत्र बांधून ठेवणाऱ्या प्लास्टिकला) पाणी नको असतं, मग दोघांची पकड बसत नाही. असा तुकडा तुटला की मायक्रोस्कोपखाली स्वच्छ गोल भोकं दिसतात, धागा न तुटता नुसता उपसून आलेला असतो! म्हणून आधी कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजवून वरचं मेण आणि हेमिसेल्युलोज (धाग्यातला पाणी ओढणारा घटक) काढावं लागतं, पण ते वापरलेलं पाणी तसंच तलावात सोडलं तर काय उपयोग. शिवाय जलपर्णी शिसं, कॅडमियम शोषून घेते, तेव्हा घाण पाण्यातला माल तपासल्याशिवाय घेऊच नये. आणि २०० अंशांच्या वर हा धागा करपायला लागतो म्हणून पॉलीप्रॉपिलीनसारखं कमी तापमानाला वितळणारं प्लास्टिक लागतं. ग्लास फायबरच्या मानाने वजनाला बराच हलका आहे पण ताकद तेवढी नाही, भार पेलायच्या जागी नकोच.

मला खरी काळजी वेगळीच आहे. उद्या कारखान्याला रोज माल लागायला लागला की जलपर्णी संपू नये असंच सगळ्यांना वाटेल, मुद्दाम थोडी मागे ठेवली जाईल, आणि तिचं बी तर चिखलात १५-२० वर्षं तग धरतं. म्हणून काढणीचं कंत्राट देताना पैसे टनावर देऊ नका, किती पाणी मोकळं झालं आणि पुढच्या हंगामातही मोकळं राहिलं का ते मोजून द्या.

- एक वाचक