शास्त्रभागापासून ख्रिस्तापर्यंत : पाळकसाहेबांना आभाराचं पत्र

आदरणीय पाळकसाहेब,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

हे पत्र चारचौघांसमोर लिहितोय. रिफॉर्म्ड बिब्लिकल थिऑलॉजीचा (म्हणजे अख्खं बायबल ख्रिस्ताकडे नेणारी एकच कथा म्हणून वाचण्याचा, कॅल्व्हिनच्या परंपरेतला) अभ्यास कुठून सुरू करायचा, असं हल्ली तरुण उपदेशक मला विचारतात, आणि मी जे सांगतो ते बहुतेक तुमचंच असतं. ते माझ्या नावावर खपू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

मला तुमच्याकडून पुस्तकांची यादी हवी होती. तुम्ही लूकचा चोविसावा अध्याय उघडायला लावलात. अम्माऊसच्या वाटेवर प्रभूने मोशेपासून आणि सगळ्या संदेष्ट्यांपासून सुरुवात केली, आणि पुढे ४४व्या वचनात नियमशास्त्र, संदेष्टे, स्तोत्रं अशी तिन्ही दालनं घेतली. म्हणजे निवडक भाकितांची वचनंच नव्हेत, अख्खा जुना करार त्याच्याविषयी बोलतो. मग तुम्ही काम लावलंत: भाष्यग्रंथ बाजूला ठेवून उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत वाचायचं आणि प्रत्येक पुस्तकाखाली एकच ओळ लिहायची, ‘अभिवचन इथे कुठवर आलं?’ उत्पत्ति ३:१५ मधली स्त्रीची संतती, अब्राहामाला दिलेला शब्द, सीनाय, दावीदाचं सिंहासन, बंदिवास. लेवीयपाशी माझी ओळच सुचेना. तुम्ही म्हणालात, ‘निर्गमाच्या शेवटी तेजाने मंडप भरला आणि मोशेलाही आत जाता येईना, ते आठव. आता देवाजवळ जायचं कसं, हे लेवीय सांगतं.’ एवढ्यावर ते पुस्तक माझ्यासाठी खुलं झालं.

पुस्तकं नंतर आली, तीही मोजकी. आधी ग्रॅहम गोल्ड्सवर्दींचं १९८१चं छोटेखानी ‘गॉस्पेल अँड किंगडम’: देवाचे लोक, देवाने दिलेल्या जागी, देवाच्या सत्तेखाली. हे तीन धागे हाती आले की एदेनपासून नव्या यरुशलेमेपर्यंत वाट चुकत नाही. मग गेरहार्डस वोस. १८९३ ते १९३२ या काळात ते प्रिन्स्टन सेमिनरीत शिकवत होते, आणि त्यांचं ‘बिब्लिकल थिऑलॉजी’ १९४८ साली, म्हणजे मृत्यूच्या आदल्या वर्षी, पुस्तकरूपात आलं. वाक्यं अशी की एकेका पानावर घाम फुटतो. पण देवाने स्वतःला एकदम नव्हे, तर इतिहासात टप्प्याटप्प्याने प्रकट केलं आणि बीजातच पुढच्या वृक्षाचं सगळं असतं, हा त्यांचा मुद्दा एकदा उमगला की पुन्हा जुन्या पद्धतीने वाचता येत नाही. ही विसाव्या शतकातली टूम वाटू नये म्हणून तुम्ही सोळाव्या शतकातले धर्मसुधारक कॅल्व्हिन यांच्या ‘इन्स्टिट्यूट्स’मधले दुसऱ्या भागाचे दहावा आणि अकरावा हे अध्याय वाचायला दिलेत: दोन्ही करारांत साम्य कुठे, फरक कुठे. सतराव्या शतकातल्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्राच्या सातव्या अध्यायातही तेच आहे, कृपेचा करार एकच, फक्त त्याचा कारभार निरनिराळ्या काळांत निरनिराळा.

पण खरे उपकार शमुवेलच्या पहिल्या पुस्तकातल्या सतराव्या अध्यायाचे. ‘तुमच्या आयुष्यातला गल्याथ कोण?’ हा उपदेश आपण सगळ्यांनी ऐकलाय. तुम्ही मला आठव्या अध्यायापासून वाचायला बसवलंत. लोकांना इतर राष्ट्रांसारखा राजा हवा होता, पुढे होऊन लढाया लढणारा. शौल मिळाला, सगळ्यांपेक्षा खांद्यापासून वर उंच. आणि सहा हात एक वीत उंचीचा पलिष्टी गल्याथ चाळीस दिवस सकाळ-संध्याकाळ आव्हान देत असताना हा उंच राजा घाबरून बसलाय. सोळाव्या अध्यायात ज्याला अभिषेक झाला, ज्याच्यावर आत्मा आला, तो धाकटा पोर दावीद एकटा खाली उतरतो, साऱ्या सैन्याच्या वतीने. ‘यात आपण कुठे आहोत?’ तुम्ही विचारलंत. सैन्यात. थरथरणाऱ्यांत. आपला दावीद, म्हणजे ख्रिस्त, आपल्या वतीने आधीच लढून जिंकलाय. मी लगेच विचारलं, मग मंडळीने करायचं काहीच नाही का? तुम्ही ५२व्या वचनावर बोट ठेवलंत: गल्याथ पडल्यावर इस्राएल व यहूदाचे लोक उठले, त्यांनी जयघोष केला आणि शत्रूचा पाठलाग केला. आज्ञापालन आहेच, पण विजयानंतरचं. ख्रिस्तकेंद्री उपदेशात आचरणाला जागा उरत नाही, असं म्हणणाऱ्यांना मी आजही हेच वचन दाखवतो.

दुसऱ्या टोकालाही तुम्ही जाऊ दिलं नाहीत. यरीहोत इस्राएलच्या हेरांना लपवणाऱ्या राहाबेच्या खिडकीतला किरमिजी दोर म्हणजे ख्रिस्ताचं रक्त, हे पहिल्या शतकातल्या रोमच्या क्लेमेंटपासून चालत आलंय आणि ऐकायला गोडही लागतं. तुमचं म्हणणं, रंगावरून उडी मारू नका. तिच्या विश्वासावरून इब्री ११:३१कडे जा, तिच्या वंशावरून मत्तय १:५कडे जा. ही वाट लांब आहे, पण श्रोता घरी जाऊन ती स्वतः पुन्हा चालू शकतो. उपदेशकाच्या चलाखीवर अवलंबून राहायची त्याला गरज उरत नाही. ‘ख्रिस्तकेंद्री’ ही पाटी लावून शेवटच्या दोन मिनिटांत वधस्तंभ चिकटवणारे उपदेश ऐकले की याची किंमत कळते.

जुन्या करारातून ख्रिस्ताकडे जाण्याच्या ज्या सात वाटा उपदेशशास्त्राचे अभ्यासक सिडनी ग्रेडेनस सांगतात, त्यांपैकी मला सगळ्यात जास्त कामी आली ती विरोधाची: शास्ते वाचताना ‘त्या दिवसांत राजा नव्हता’ हे पुन्हा पुन्हा येतं आणि त्या उणिवेतूनच खऱ्या राजाची ओढ लागते. उपदेशशास्त्रावर लिहिणारे ब्रायन चॅपेल यांचा प्रश्नही आता टाचणाच्या वरच लिहितो: मूळ श्रोत्यांची आणि आपली कोणती पतित अवस्था या भागाला लागू पडते? तो लिहिला की अर्धा फापटपसारा गळून पडतो.

एका गोष्टीवर मात्र आपलं जमलं नाही, अजूनही नाही. योसेफाला नव्या करारात कुठेच ख्रिस्ताचं प्रतिरूप (येणाऱ्या ख्रिस्ताची आधीच पडलेली छाया) म्हटलेलं नाही, म्हणून तुम्ही तिथे हात आखडता घेता. मला वाटतं, प्रेषितांची कृत्ये सातव्या अध्यायात स्तेफन त्याच दिशेने चाललाय: भावांनी विकलेला योसेफ, झिडकारलेला मोशे, आणि शेवटी ५२व्या वचनात जिवे मारलेला नीतिमान. यावरच्या माझ्या उपदेशाचं टाचण सोबत जोडतोय. समासात नेहमीसारख्या शिव्या घाला, पण आधी पूर्ण वाचा.

तुमचा आभारी,
एक विद्यार्थी